अंडर अ क्लाउड

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. ऑफिसात बाई अशी मी एकटीच. दापोडीला दादा-वहिनींकडे राहत होते. माझ्याबद्दल एक शब्द जरी वावगा कानावर आला, तर नोकरी बंद, असं दादाने बजावलं होतं.

काही कामगारांना कमी करायचं साहेबांचं मुंबईच्या मालकांशी फोनवर ठरलं आणि हुकूम निघायच्या आधीच बातमी बाहेर फुटली. साहेबांनी मला आत बोलावलं.

"फोनवरचं बोलणं ऐकता?"

"नाही सर. मी फक्त जोडून देते."

"ठीक. बट यू आर अंडर अ क्लाउड, मिस."

क्लाउड म्हणजे ढग, एवढं मला येत होतं. वैशाखात डोक्यावर ढग असणं वाईट कसं असेल? मी हसून "थँक यू, सर" म्हटलं. ते बघतच राहिले.

बाहेर येऊन हेडक्लार्कना अर्थ विचारला. त्यांनी चष्मा काढला. "अहो, संशय आहे तुमच्यावर. आणि तुम्ही हसलात?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून एक शिपाई बसवला. नोकरी सोडावी तर गुन्हा कबूल केल्यासारखं. घरी सांगायची सोय नव्हती. वहिनी विचारायची, "जेवण का जात नाही?" मी म्हणायचे, "उकडतंय."

एका सकाळी मुंबईचा ट्रंक कॉल आला. लाइन खराब होती, म्हणून साहेब पलीकडच्या खोलीत मालकांशी हिंदीत ओरडून बोलत होते. शिपाई उठून खिडकीशी गेला.

"बाई, खाली पोरं बसल्यात विडी वढत. त्यास्नी समदं ऐकू जातंय की!"

त्यानेच ते हेडक्लार्कना सांगितलं आणि हेडक्लार्कनी साहेबांना. संध्याकाळी माझ्यामागची खुर्ची गेली. मला मात्र कुणी काहीच बोललं नाही. पाणी प्यायला गेले की कारकून गप्प व्हायचे, ते तसंच चालू राहिलं.

पुढे दापोडी स्टेशनवर एका अनोळखी माणसाने मला हात जोडले. कमी केलेल्यांपैकी होता.

"ताई, आधी कळलं म्हणून दुसरीकडं काम बघता आलं. तुमचे उपकार हायेत."

"अहो, मी नाही सांगितलं."

"व्हय, व्हय," तो आवाज खाली आणून म्हणाला, "आमी कुटं बोलतोय कुणापाशी."

मी पुन्हा सांगून पाहिलं. तो नुसता समजूतदारपणे मान हलवत राहिला.