काळा नको, राखाडी

गॅरेजमध्ये सगळे त्याला 'आधीघाशा' म्हणायचे. कुणीही ट्रक रंगवायला आणला की कसा आहेस, बरा आहेस का, हे राहिलं बाजूला, याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी घासा, मग बोला!" वय साठीला टेकलेलं, नखांत कायमचा गंज आणि स्वभाव म्हणाल तर तारेचा ब्रश परवडला.

केबिन रंगवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात हो. पण चासी, म्हणजे ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा, वाकून कोण बघतंय? चिखल, खडी, सांडलेलं तेल, सगळं तिनेच खायचं. आधीघाशा तिला गंज खरवडून राखाडी रंग द्यायचा, पातळ, दोन हात. जाड काळ्या रंगाचं नाव काढलं की त्याचं डोकंच फिरायचं.

त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा ट्रक त्यानेच काळा कुळकुळीत रंगवला होता. भाऊ खूश झाला, मिठीच मारली. पण त्या जाड थराखाली पाटे, म्हणजे चाकांवरचे झटके झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, धरणारं ब्रॅकेट तडकत गेलं आणि कुणाला दिसलं नाही. उतारावर पाटे निसटले, ट्रक कलंडला, धाकट्याचा डावा पाय गेला.

आता धाकटा याच गॅरेजात ट्रकखाली सरपटत जाऊन बॅटरीच्या उजेडात तपासणी करतो. सगळ्यांशी थट्टामस्करी करतो, मोठ्या भावाशी मात्र कामापुरतं बोलणं, तेही हाक न मारता. त्याची लोखंडी कुबडी गंजून पार खरबरीत झाली होती. थोरला दर वर्षी रंगाचा डबा घेऊन समोर उभा राहायचा आणि दर वर्षी एकच उत्तर मिळायचं, "तुझा रंग नको मला."

यंदा गॅरेजच्या मालकाने रबरासारखा जाड काळा रंग आणला. "एकदा मारा, दहा वर्षं बघायला नको!"

"बघायला नको? अहो, तेच तर नको!" आधीघाशा उसळला. "बघायलाच हवं!"

पहिलाच ट्रक होता धाकट्याच्या जावयाचा, म्हणजे तो चालवायचा तो.  आधीघाशाने जुन्या पाट्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, एक काळी केली, एक राखाडी. महिनाभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या आणि रोज साखळीने बडवल्या. मग मालकासमोर काळीला सुरी लावली. रंग सालीसारखा सोलून आला, खाली नुसता गंज! राखाडीचे टवके उडाले होते, पण गंज टवक्याएवढाच, आणि दिसत होता.

"बरं बाबा, कर राखाडी," मालकाने नाक मुरडलं. "दिसायला अगदीच भिकार!"

आठ महिन्यांनी तो ट्रक तपासणीला आला. पाण्याचा फवारा मारून झाल्यावर धाकटा खाली सरकला.  मग एकदम हाक आली, "दादा!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोरल्याच्या हातातला ब्रशच पडला. तो धडपडत खाली शिरला. ब्रॅकेटच्या जोडावर, राखाडी रंगावर, नखाएवढी तांबूस रेघ उमटली होती. तडा!

जावई पांढराफटक पडला. "काल भरलेली गाडी उतारावरून आणली मी," तो कसाबसा म्हणाला.

धाकटा बाहेर येऊन तिथेच भिंतीला टेकून बसला.  जावयाचा हात त्याने धरला तो सोडलाच नाही. मग दुसऱ्या हाताने गंजकी कुबडी थोरल्याकडे ढकलली.

"घे."

थोरल्याचे डोळे भरून आले. समोरचं नीट दिसेना. धाकट्याचा विचार बदलायच्या आत काम उरकावं म्हणून त्याने घाईघाईने राखाडी डबा उघडला, ब्रश बुचकळला आणि कुबडीला लावणार, तोच धाकटा ओरडला,

"अरे दादा, आधी घास!"