एल्डर हॅन्सनचा जोडीदार

टाउनशिपमध्ये नोकरीची सगळी वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. जुन्या डायऱ्या आणि किस्से. डायऱ्या सुनंदा दर दिवाळीत रद्दीवाल्याला देऊन टाकते. किस्से कोणी नेत नाही, त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावे लागतात.

मी कारखान्याच्या हिंदी विभागात होतो. म्हणजे नागपूरचा मराठी माणूस, भोपाळमध्ये बसून, हिंदीभाषक इंजिनिअरांना शुद्ध हिंदीत टिपण्या लिहायला शिकवायचा. यातली गंमत मला कळते, तुम्ही नव्यानं सांगू नका. रिटायर झाल्यावर क्वार्टर लीजवर मिळालं, आणि व्हरांड्यात मी हिंदीची शिकवणी सुरू केली. हे किस्से त्या व्हरांड्यातल्या दोन विद्यार्थ्यांचे. एक-दोन हसण्यासारखे आहेत. बाकीचे सांगताना मला पाठीशी भिंत असलेली बरी वाटते.

*

पहिल्या दिवशी दोन पोरं सायकलींवरून आली. पांढरे शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी. एक गोरा, एकोणीस वर्षांचा, पट्टीवर नाव ‘एल्डर हॅन्सन’. दुसरा आंध्रचा, दोन-तीन वर्षांनी मोठा, ‘एल्डर राव’. दोघं मॉर्मन पंथाचे. या पंथाची मुलं या वयात घर सोडतात आणि दोन वर्षं पाठवतील त्या गावात राहून धर्मसेवा करतात. हॅन्सन अगदी नवा, शिकाऊ. राव त्याला शिकवणारा जोडीदार. दोघं अयोध्या नगरात एका खोलीत राहायचे.

“एल्डर म्हणजे वडीलधारा ना?” सुनंदानं मला आत बोलावून विचारलं. “मिसरूड फुटलं नाही अजून.”

तिनं आल्याचा चहा आणला. दोघांनी हात जोडले. त्यांच्यात चहा चालत नाही, कॉफीही नाही. नागपूरच्या बाईच्या हातचा चहा नाकारणं म्हणजे काय, ते त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. ती तीन दिवस माझ्याशीच कमी बोलली. चौथ्या दिवशी लिंबाचं सरबत आलं आणि तह झाला.

*

त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकटं राहायचं नाही. जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात हवा. हॅन्सन आमच्या बाथरूममध्ये गेला की राव पॅसेजमध्ये उभा राहायचा. शेजारचे रिटायर्ड फोरमन वानखेडे हे बघून म्हणाले, “कैद्याला पण इतकं नसतं, भाऊ.”

मी हॅन्सनला विचारलं, कंटाळा नाही येत? तो इंग्रजीत म्हणाला, “सर, जोडीदार असतो म्हणून तर भीती वाटत नाही.”

भीती त्याला एकाच गोष्टीची होती. तीन महिन्यांनी दिल्लीहून वरिष्ठ येऊन त्याचं हिंदी तपासणार होते. जमलं नाही तर घरी. त्याच्या बापाची तिकडे बटाट्याची शेती, बाप आणि दोन्ही मोठे भाऊ हीच दोन वर्षं पुरी करून आलेले. “आमच्या गावात जो मध्येच परत येतो,” तो म्हणाला, “त्याच्याशी सगळे फार गोड बोलतात.” हे सांगताना त्याचा आवाज असा झाला की मी पुढचं व्याकरण त्या दिवशी घेतलंच नाही.

*

आता माझी चूक सांगतो. मला हिंदी येतं ते फायलीतलं. पोरगं तेच शिकलं. जवाहर चौकात भाजीवाल्यासमोर उभं राहून ते म्हणालं, “कृपया आधा किलो टमाटर उपलब्ध कराने का कष्ट करें।”

भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. “भैया, अर्जी लाए हो?”

राव हे सांगताना हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी ठरवलं, पोराला बोलायची सवय हवी, आणि तीही कोणी हसणार नाही अशा ठिकाणी.

*

अशी जागा आमच्याकडे भरपूर. कारखान्यात माणसं कमी झाली तशी आमच्या सेक्टरमधली निम्मी क्वार्टर्स रिकामी पडली. दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, गच्चीवर पिंपळ. मी हॅन्सनला सांगितलं, शिकवणीला येताना रोज अशी चार दारं ठोठाव. नमस्ते म्हण, नाव सांग, जोडीदाराची ओळख करून दे, कसे आहात विचार. पुढच्या दाराकडे जा. राव फाटकाशी उभा राहून चुका लिहायचा.

आठवडाभर छान चाललं. मग एके दिवशी दोघं आले ते हॅन्सन खुशीत आणि राव एकदम गप्प.

“सर, आज किसी ने जवाब दिया,” हॅन्सन म्हणाला.

“काय जवाब दिला?”

ते त्याला समजलं नव्हतं. रावानं सांगितलं. चौथ्या दारावर हॅन्सननं पाठ केलेलं म्हटलं, आम्ही दोघं आहोत, आपल्याला भेटायला आलो आहोत. आतून बाईचा आवाज आला, “दो कहाँ, तीन हैं।”

मी छत्री घेऊन तसाच गेलो. कुलूप होतं. सील होतं. खिडकीच्या गजांतून बघितलं तर आतल्या खोलीचं छतच खाली आलेलं, त्यात माणूस उभं राहणं शक्य नाही. घरी येऊन मी म्हटलं, मागच्या बाजूनं कोणीतरी कब्जा केला असेल, उगाच घाबरू नका. दुसऱ्या दिवसापासून दारं ठोठावणं मात्र मी बंद केलं. मला भीती वाटली, सरळ सांगतो.

*

सेक्टरच्या गेटवर तिवारी बसायचा. फौजेतून आलेला, दारूचा थेंब नाही, सुपारीसुद्धा नाही. बाहेरचं कोणी आलं की रजिस्टरमध्ये सही घ्यायची आणि किती जण ते स्वतः लिहायचं, हे त्याचं काम. दारांच्या त्या प्रकारानंतर चार-पाच दिवसांनी त्यानं मला थांबवलं.

“बाबूजी, आपके तीसरे वाले साइन नहीं करते। बोल दीजिए ज़रा।”

“तीसरे कौन?”

“वही, जो पीछे-पीछे पैदल आते हैं। सफ़ेद शर्ट।”

मी म्हटलं, सांगतो. घरी मात्र कोणालाच सांगितलं नाही. सुनंदानं त्या दिवशी विचारलं, जेवण का जाईना, तर पित्तावर ढकललं.

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

तीन महिने भरायला थोडे दिवस राहिले असताना दिल्लीचे वरिष्ठ आमच्या दारात आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ, हिंदी माझ्यापेक्षा सरस. बरोबर हॅन्सन, मान खाली. राव नव्हता.

वरिष्ठ म्हणाले, रावला कावीळ झाली, नऊ दिवस तो खोलीत पडून होता. नियमाप्रमाणे हॅन्सननं त्याच्यापाशी बसायचं. पण परीक्षेच्या धास्तीनं तो रोज दुपारी रावला झोप लागली की एकटाच शिकवणीला येत होता. हे त्यानं स्वतःच कबूल केलं आहे. परतीचं तिकीट काढलं आहे. फक्त आपल्याकडून खात्री करून घ्यायची.

“एकटा?” मी म्हटलं. “छे. दोघं यायचे.”

हॅन्सननं मान वर केली. “सर, मेरे लिए झूठ मत बोलिए। मैं अकेला आता था।”

मला राग आला. उभ्या आयुष्यात मला कोणी खोटं बोलतोस असं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात सुनंदा बाहेर आली.

“अहो, एकटा कसा? रोज दोन सरबतं करत होते ना मी. रावांना बरं नाही म्हणून बोलत नसतील, असं मला वाटून राहिलं होतं. दाराशी वेताच्या खुर्चीत बसायचे. ग्लास रिकामाच यायचा.”

“तुम्ही चेहरा पाहिलात?” वरिष्ठांनी विचारलं.

“उजेड पाठीमागून यायचा. नीट असा नाही दिसला.”

मग मलाही आठवायला लागलं. मी फळ्याकडे तोंड करून असायचो, डोळ्यात मोतीबिंदू. पण रोज मी “बसा, राव” म्हणायचो आणि कोणीतरी बसायचं. वेत करकरायचा. हॅन्सन खुर्चीकडे पाठ करून बसायचा आणि एकटं येणं लपवत होता, म्हणून त्यानं आमची चूक कधी सुधारली नाही.

वरिष्ठ रजिस्टर बघायला गेटवर गेले. अर्ध्या तासानं परत आले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

“सही एकच आहे,” ते म्हणाले. “पण माणसं दोन लिहिली आहेत. नऊही दिवस. तिवारी म्हणतो, हवं तर शपथ घेतो.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “नियम एवढाच आहे की एकटं राहायचं नाही. तो एकटा नव्हता. मी तिकीट रद्द करतो.”

मी हॅन्सनकडे बघितलं. इतके दिवस ज्यासाठी तो झुरला ते त्याला मिळालं होतं, आणि त्याच्या तोंडावर रक्त राहिलं नव्हतं. तो वरिष्ठांच्या मागून पायऱ्या उतरला, फाटकापर्यंत गेला, आणि परत आला. माझ्याकडे नाही, सुनंदाकडे. पहिल्यांदाच तो हिंदी बोलताना कुठंही अडखळला नाही.

“आंटी, जब मैं पढ़ता था, तब वह किसकी तरफ़ देखता था?”

सुनंदा साधी बाई. तिनं लगेच सांगून टाकलं.

“तेरे को ही देखते बैठता था, बेटा। और किधर देखता ही नहीं था।”