आत्याची आंबील आणि पोलेंटाची जत्रा

मी लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात नाहीतर कुणाच्या तरी अर्जावर. चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मी लिहिली नाही तर गावातले बाकीचे सांगतील, आणि ते फार वाढवून सांगतात.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. आमचं गाव मुरबाडच्या बाजूला. नाचणीला आम्ही नागली म्हणतो. नागलीचं पीठ रात्रभर आंबवायचं आणि सकाळी ताक घालून पातळ शिजवायचं, ती आंबील. आत्यासारखी आंबील कुणाला जमत नाही. शहापूरला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं आमच्या कॉलेजच्या मॅडम तिची आंबील तीन पेले प्यायल्या. तिथूनच सगळं सुरू झालं.

मॅडमच्या ओळखीचं इटलीत एक डोंगरातलं गाव आहे. तिथं दर उन्हाळ्यात पोलेंटाची जत्रा भरते. पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाची घोटून घोटून केलेली घट्ट उकड, त्यांच्या शेतकऱ्यांचं गरिबीतलं खाणं. आता त्याच उकडीसाठी ते गाव रस्त्यात टेबलं मांडतं आणि बँड लावतं. दर वर्षी ते दुसऱ्या मुलखातली अशी एक बाई बोलावतात, जिच्या घरीही असंच काहीतरी घोटतात. या वर्षी त्यांनी आत्याला बोलावलं. सोबत मॅडम जाणार होत्या.

फॉर्म मीच भरले. "आत्या, धंदा काय लिहू?"

"लिही, घोटते."

मी 'शेतकरी' लिहिलं.

जायच्या आदल्या दिवशी खरा घोळ झाला. गावातलं माणूस लांब निघालं की घरोघरचा वानवळा सोबत जातो. सकाळपासून बाया येऊ लागल्या, आणि सगळ्यांच्या हातात एकच वस्तू, नागलीचं पीठ. नाही म्हणायची सोय नव्हती, एकीचं घेतलं आणि दुसरीचं ठेवलं तर वर्षभर बोलणी खावी लागली असती. बॅग आम्ही भाताच्या गिरणीतल्या काट्यावर नेऊन ठेवली. विमानवाल्यांच्या हिशेबात ती बसेना. आत्यानं खाली बसून लुगडी बाहेर काढायला सुरुवात केली.

"दोन बस झाली. तिकडं मला कोण बघायला येतंय?"

"तुला नाय गो," शेजारची काकू म्हणाली, "आमच्या पिठाला येतील."

सगळे हसले. मग तीच काकू जरा हळू म्हणाली, "पण नाय खाल्लं त्यांनी तं?"

आत्यानं बॅगेची चेन ओढली. "सगळ्या घरांचं पीठ हाय हे. उष्टं टाकून आले तं गावात तोंड नाय दाखवायची मी." बोलली हसत, पण चेन तिनं परत उघडून परत लावली.

त्यांचा उन्हाळा तेव्हा आमची आवणी. जत्रेच्या दिवशी सगळे गुडघाभर चिखलात रोपं लावत होते. माझा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधलेला. मॅडमनी सांगितलं होतं, त्यांचं दुपारचं जेवण म्हणजे आपले साडेतीन. दोनपासूनच विचारणा सुरू झाली. "आला का रे?" "वाढली असंल आता!" एकानं तर आत्याच्या नावानं रोपाची मूठ हवेत उडवली आणि वडिलांच्या शिव्या खाल्ल्या.

चार वाजता पिशवीत फोन थरथरला. मॅडमचा मेसेज, एकच ओळ. मी मोठ्यानं वाचली, "आंबील टेबलावरून वाहून गेली."

आणि रेंज गेली.

"वाहून गेली म्हंजे?" काकू ओरडली. "आंबील हाय का भातसा धरणाचं पाणी?"

"सांडली असंल."

"सगळी? माझं पायलीभर पीठ होतं त्यात!"

वडील खाली वाकून भराभर रोपं लावत राहिले. तेवढ्या वाकड्या ओळी त्यांनी आयुष्यात कधी लावल्या नव्हत्या. मला ते बघवेना. धड रेंज फक्त देवळाच्या टेकडीवर मिळते, तिकडे मी पळत सुटलो. दोनदा बांधावरून घसरलो. मागं वळून पाहिलं तर अख्खं शेत माझ्यामागं येत होतं. चिखलानं माखलेले पंधरा-वीस जण, सगळ्यांत पुढं काकू, लुगडं वर खोचून. एवढ्या काळजीतही मला हसू आवरेना.

वर पोचलो आणि आत्याचा आवाजी मेसेज आला. मी फोन पुसला, सगळ्यांना गप्प केलं आणि स्पीकर लावला. आधी नुसताच बँड ऐकू आला. मग आत्या.

"आरं ऐक. हे लोक त्यांची उकड भांड्यातून सरळ लाकडाच्या फळीवर ओततात, टेबलभर. ती घट्ट, ती बसते जागेवर. यांनी माझी आंबील पण तशीच ओतली! मी वरडतेय, थांबा रं, थांबा! कोणाला कळतंय? चालली ती वाहत. तं सगळे उठले, ग्लास काय, ताटं काय, टेबलाच्या कडेला लावून उभे. एका म्हाताऱ्यानं तं फळीलाच तोंड लावलं. मॅडम हसून हसून खाली बसल्या. मग मी दुसरं भांडं चढवलं, वाट्यांत दिली. पुन्यांदा मागितली. आता पीठ संपलं रं, सगळ्या घरांचं, चिमूटभर नाय राहिलं. आणि हे अजून वाट्या घेऊन उभे हायत. आता यांना मी काय सांगू?"