सावे मास्तरांचं 'प्रॉबॅब्ली'

सावे मास्तर उद्याविषयीचं एकही वाक्य 'प्रॉबॅब्ली'शिवाय सोडत नसत. बोईसरच्या शाळेत मी गणित शिकवायचो, ते इंग्रजी. "काल सूर्य उगवला, तिथे 'सर्टनली' लिहा. उद्या उगवेल, तिथे 'प्रॉबॅब्ली'," असं ते वर्गाला सांगत आणि न ऐकणाऱ्याचे गुण बेलाशक कापत.

बोईसरजवळच्या नवापूरला, घरच्या आंब्याच्या वाडीत वाढलेला माणूस. मोहोर कितीही आला तरी फळ टोपलीत पडेपर्यंत त्यांच्या घरात कुणी 'यंदा आंबा होईल' म्हणत नसे. ती खोड त्यांनी इंग्रजीत आणली. "बोललेलं पाळाया लागतं, म्हनून मोजून बोलावं," हे त्यांचं पालुपद. ऐकायला छान वाटतं. ज्याच्या घरी बेकार भाऊ बसलाय, त्याला नाही वाटत.

माझा धाकटा भाऊ वसंता साताऱ्याहून माझ्याकडे आला होता. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं, माणसं हवी होती, पण मुलाखत इंग्रजीत. मलाच दुर्बुद्धी सुचली आणि मी त्याला मास्तरांकडे धाडलं. मास्तरांनी जीव लावून शिकवलं, मास्तरीणबाईंनी रोज जेवू घातलं. मुलाखतीत एका ठेकेदाराच्या साहेबाने विचारलं, हे काम जमेल का? वसंता म्हणाला, "प्रॉबॅब्ली, सर." साहेबाने पुढच्याला बोलावलं.

मी तणतणत मास्तरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "न केलेलं काम जमंल म्हनून कसं सांगायचं? पोरगा खोटं नाय बोलला." भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पुढच्या मुलाखतीआधी मी वसंताकडून 'सर्टनली' घोकून घेतलं. साहेबासमोर पुन्हा तेच. "दादा, तो शब्द तोंडातून निघेचना," म्हणाला.

त्याच वर्षी मास्तर तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर मास्तरीणबाई वसंताला म्हणाल्या, "वाडी मी एकटीनं कशी करू? तू बगशील ना रे?"

"नक्की," तो म्हणाला. क्षणाचाही विचार केला नाही.

मी शेजारीच बसलो होतो. साहेबापुढे दोनदा अडलेली जीभ इथे बरी सुटली, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी वसंता नवापूरला वाडीत पाणी लावत होता.