पिवळं कडं

माझं आडनाव कळलं त्या दिवसापासून साहेब माझ्याशी हिंदीत बोलायला लागले.

त्याआधी आम्ही मराठीत बोलत होतो. दुबईतल्या एका फुटबॉल अकादमीचं मैदान. संध्याकाळचा सराव. मी लोखंडी माचावर कॅमेरा लावत होतो. साहेब खाली उभे होते, मुलीची बॅग खांद्याला. "काका, तुम्ही आपल्याकडचेच दिसता. गाव कुठलं?" मी गाव सांगितलं. "अरे वा. माझ्या आजीचं माहेर. कुठल्या आळीत?" आळी मी सांगितली नाही. मग त्यांनी आडनाव विचारलं. ते सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. मैदानाकडे वळले. मग म्हणाले, "कॅमेरा थोडा लेफ्ट में लो. धूप आ रही है."

एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. कुणाकडे तक्रार करावी असं काहीच नाही. पण त्यानंतर मी काका राहिलो नाही. मी 'कॅमेरा' झालो. "कॅमेरा को बोलो, इधर आए." बाकीचे पालकही तेच म्हणायला लागले. मी उत्तर देत गेलो. हाक मारली की जायचं, ही सवय जुनी.

आडनाव इथे लिहीत नाही. तुम्हीही आधी तेच शोधाल.

मी लग्नं शूट करणारा माणूस. शारजात माझं छोटं दुकान होतं. कोकणातल्या, घाटावरच्या, केरळच्या लोकांची लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळं केलं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि दुकान बंद झालं. मुलगा खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येतो. सून ड्रॅगन मार्टमध्ये बिलिंगला. इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत आमची एक खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे मी आणि माझी नात, प्रज्ञा.

प्रज्ञा फुटबॉल खेळते. इमारतीमागच्या वाळूत मुलांबरोबर खेळून शिकली. अकादमीत सामने शूट करायला माणूस हवा होता. मी म्हणालो, पगार कमी द्या, माझ्या नातीला खेळू द्या. ते हो म्हणाले. असा तो सौदा. तिच्या आयुष्यातलं मी केलेलं पहिलं चांगलं काम. दुसरं अजून व्हायचंय.

अमेरिकेतली कॉलेजं चांगल्या खेळाडूंना फी माफ करून घेतात. आपला पायाने खेळायचा फुटबॉल, तिकडे त्याला सॉकर म्हणतात. मुलींसाठी तिथे बऱ्याच जागा असतात. पण तिथला कोच इतक्या लांब येऊन कुणाला बघणार? त्याला पाच मिनिटांची फिल्म पाठवायची. मुलीचे चांगले तुकडे निवडून जोडायचे. प्रत्येक तुकडा सुरू होण्याआधी चित्र थांबवायचं आणि त्या मुलीभोवती एक पिवळं कडं काढायचं. म्हणजे बावीस जणींमध्ये कुणाला बघायचं ते कोचला कळतं. मग चित्र सुटतं, ती धावते.

कडं काढणारा मी. पोरींचं नशीब त्या कड्यात असायचं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

साहेबांची मुलगी रिया. वाईट नव्हती पोर. मला 'अंकल' म्हणायची, पाण्याची बाटली आणून द्यायची. खेळायची ठीक. ती एका बाजूला खेळायची, प्रज्ञा दुसऱ्या. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या. दोघी सडपातळ, दोघींच्या वेण्या, दोघींचे पांढरे शर्ट. माझ्या माचावरून, उन्हाच्या तिरिपेत, पाठीवरचा नंबर दिसायचा नाही.

साहेब रियाच्या फिल्मसाठी मैदानाकडेच्या पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. मी सामने दाखवत होतो. एका ठिकाणी डाव्या कडेने एक मुलगी सुटली. एक, दोन, तीन जणींना मागे टाकून आत वळली आणि चेंडू जाळ्यात.

"रोको," साहेब म्हणाले. "ये रिया है."

ती रिया नव्हती. प्रज्ञा लहानपणी बंक बेडवरून पडली होती. तेव्हापासून तिचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. धावताना तो अंगापासून लांब, किंचित वाकडा राहतो. त्या पडण्याच्या वेळी इस्पितळात तिचा तोच हात धरून मी बसलो होतो. कितीही लांबून मी तिला ओळखीन.

"साहेब, ही प्रज्ञा आहे. माझी नात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "इतनी दूर से सब एक जैसी दिखती हैं." मग म्हणाले, "आपकी पोती यहाँ फ्री में खेलती है ना? अच्छा है. खेलने दो."

मी कडं काढलं. प्रज्ञाभोवती. खाली नाव टाकलं रियाचं. मग अजून एक तुकडा. मग अजून एक.

आजवर मी लोकांना सांगत आलो की मी घाबरलो. सौदा मोडेल, पोर मैदानाबाहेर जाईल, म्हणून केलं. ते खरं आहे. पण अर्धंच.

काम संपलं. साहेब उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "छान झालं हो, काका."

आणि मला बरं वाटलं.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मला बरं वाटलं. इतके दिवस हिंदीत ढकललेल्या माणसाला एका मराठी वाक्याने आत घेतलं. ऊर भरून आला माझा. घरी जाताना बसमध्ये मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणत होतो. भीतीपोटी केलेलं एक वेळ माफ करता येईल. पण मी माझी नात 'काका' या शब्दासाठी विकली.

गावच्या शाळेत एकदा फोटो काढायला माणूस आला होता. गुरुजींनी मला ओळीच्या अगदी कडेला उभं केलं. फोटो धुऊन आला, तो चौकटीत मावेना. म्हणून कडा कापली. वर्ग भिंतीवर लागला आणि मी गुरुजींच्या टेबलाखाली पडलो होतो, बोटभर पट्टीत. ती पट्टी मी उचलून घरी नेली. त्याच मुलाने मोठं होऊन हे केलं.

पुढची गोष्ट आणखी वाईट. दोघींच्या फिल्म त्याच कॉलेजांकडे जाणार. एकच धाव दोन फिल्ममध्ये दिसली तर पकडलं जाणार. म्हणून प्रज्ञाच्या फिल्ममधून तिचेच तुकडे मी वगळले. उरलंसुरलं जोडलं.

तिने ते बघितलं. "आबा, व्हेअर इज दॅट वन? लेफ्टवरून गेले होते ती?"

"फोकस गेला होता गं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "इट्स ओके, आबा. युवर आइज आर ओल्ड." आणि हसली. पुढच्या सामन्याला ती माचावर चढून आली. तिच्या बॅगेत चष्मा पुसायचं कापड होतं. तिने माझी लेन्स पुसली. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी पुसायची. मी बाजूला उभा राहून ते बघत असे.

रियाला तीन कॉलेजांनी बोलावलं. प्रज्ञाला एकानेही नाही.

तिकडे एक रीत आहे. कॉलेज निवडायचं तर टेबलावर त्या त्या कॉलेजच्या टोप्या मांडतात. सगळे गोळा होतात. मुलगी एक टोपी उचलून डोक्यावर घालते, तेच तिचं कॉलेज. साहेबांनी अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये हा कार्यक्रम ठेवला. शूटिंग मला सांगितलं. ट्रायपॉड उचलायला प्रज्ञा आली. मी नको म्हणालो होतो. "रिया इज माय टीममेट," ती म्हणाली.

मोठा हॉल, खाली समुद्र. टेबलावर तीन टोप्या. दार उघडलं तसं साहेब म्हणाले, "तुम लोगों का खाना किचन में लगाया है, बाद में खा लेना." प्रज्ञा रियाच्या बरोबरीने खेळलेली पोर. तिचंही ताट किचनमध्ये.

पाहुणे बोलत होते. एका कॉलेजची हवा छान, एकाच्या जवळ मामाचं घर, एकाचं जेवण चांगलं. असं निवडत होते ते. निवडायला तीन असली की माणूस जेवण बघतो.

मग साहेबांनी मोठ्या टीव्हीवर फिल्म लावली.

चित्र थांबलं. पिवळं कडं आलं. खाली रियाचं नाव. चित्र सुटलं आणि कड्यातली मुलगी डावा हात वाकडा ठेवून धावत सुटली. एक, दोन, तीन जणींना मागे टाकून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "क्या स्पीड है," कुणीतरी म्हणालं.

प्रज्ञा माझ्या शेजारी उभी होती. तिने टीव्हीकडे बघितलं. साहेबांकडे नाही, रियाकडे नाही. मग माझ्याकडे बघितलं. तिने उजव्या हाताने आपला डावा कोपर धरला होता.

मी कॅमेऱ्याच्या आत डोळा घातला. लपायला दुसरी जागा नव्हती. रियाने खाली मान घालून एक टोपी उचलली. डोक्यावर घातली नाही, नुसती हातात धरली.

"बेटा, परत एकदा उचल, नीट हस," साहेब म्हणाले. माझ्याकडे वळून, मराठीत, "काका, एक रिटेक घ्या हो."

काका. पुन्हा तोच शब्द. या वेळी तो मला नको होता. मी कॅमेरा बंद केला. ट्रायपॉड मिटला. "काय झालं?" साहेबांनी विचारलं. तिथे, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. बोललो नाही. हेही नोंदवून ठेवतो.

अबू धाबीहून परतीच्या बसमध्ये प्रज्ञा खिडकीशी बसली. दुबईचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिने विचारलं, मराठीत. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते एरवी.

"फोकस गेला होता ना, आबा?"

"नाही," मी म्हणालो.

मग सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय केलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "यू शुड हॅव आस्क्ड मी. मी अकादमी सोडली असती." आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी, ज्या ज्या कॉलेजांकडे ती फिल्म गेली होती त्या सगळ्यांना मी न कापलेले, अख्खे सामने पाठवले. खाली लिहिलं, रियाचं नाव टाकून कडं मी माझ्या नातीभोवती, प्रज्ञाभोवती काढलं आहे, चुकून नाही, जाणूनबुजून. इंग्रजी मोडकं होतं. खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. मग अकादमीच्या मॅनेजरला जाऊन सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "खलास, चाचा. कार्ड रख दो." माझं प्रवेशाचं कार्ड गेलं. प्रज्ञाचंही.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मराठीत. इतकं गोड मराठी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "काका, अहो आपण एका मातीतले. माझ्या पोरीचं वाटोळं का करता? एक मेल टाका, गैरसमज झाला म्हणून. तुमच्या नातीचं मी बघतो."

मी म्हणालो, "साहब, मुझसे हिंदी में बात कीजिए."

मी फोन ठेवला.

रियाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तिच्याही आयुष्यात मी खोटं घातलं. त्या पोरीने ते मागितलं नव्हतं.

प्रज्ञाला एका कोचचं उत्तर आलं. यंदाच्या जागा संपल्या, पुढच्या वर्षासाठी पाच मिनिटांची फिल्म पाठव. तिने कळवलं, फिल्म नाही, पूर्ण सामना पाठवेन. मला माझ्या चुकांसकट जो बघेल त्याच्याकडेच येईन. पुढे उत्तर आलेलं नाही. ती वाट बघत बसलेली नाही. इमारतीमागच्या वाळूत खेळते. मी फोनवर शूट करतो. "नो कट्स," एवढंच ती मला सांगते. दुसरं फारसं बोलत नाही. लेन्स आता मीच पुसतो.

मी का केलं त्यातला भीतीचा भाग तिला माहीत आहे. 'छान झालं हो, काका' आणि मला बरं वाटलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिला मराठी बोलता येतं, नीट वाचता येत नाही. म्हणून हे सगळं मी तिच्यासमोर बसून वाचून दाखवणार आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्या वाक्यापाशी आलो की ते गाळावंसं वाटेल.

तरी ते वाक्य मी कापणार नाही.