तांबटाचे हात

स्टेंट बसवून काही महिने झाले होते. दाढी करताना कापलं की रक्त थांबेना, म्हणून रक्त पातळ करणारी संध्याकाळची गोळी मी चार दिवसांपासून परस्पर बंद करून टाकली होती. बायकोलाही सांगितलं नाही. शहाणा माणूस कशाला सांगेल?

धुळ्याचे आमचे डॉक्टर तीन-तीन पेशंट एकदम आत घेतात. माझ्या आधी सोनगीरचे एक म्हातारे तांबट होते. त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर उपडे मांडले. बोटाबोटावर ओरखडे.

"डॉक्टरसाहेब, आधी मना हात देखा, मंग गोळी लिखा. पत्रा रोज लागस, रगत थांबत नही. पण गोळी एक बी चुकाडी नही."

डॉक्टरांनी ते हात शांतपणे निरखले आणि जरा सौम्य गोळी लिहून दिली.

मग माझा नंबर. "गोळ्या चालू? रक्तबिक्त येतं का?"

"छे! गोळ्या वेळेवर, त्रास काही नाही."

ते तांबट आबा अजून तिथेच बसून माझ्या हनुवटीकडे बघत होते. "भाऊ, मंग हाऊ कापूस कसाना शे?"

सकाळी दाढीच्या जखमेवर लावलेला बोळा तसाच चिकटलेला! मी सगळं कबूल केलं.

"अहो, स्टेंट बंद पडला असता!" डॉक्टर ओरडले. मग फाइल पाहून माझीही गोळी बदलली.

आबांनी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. केवढा जड पंजा, पण मला हलकं वाटलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्या आबांना एकदा जेवायला बोलवा. त्यांच्यासमोर मला तुम्हाला अजून बरंच विचारायचंय."