एकोणिसाव्या पानावरचा ठिपका

"एफी, तुझ्या डोळ्यांवर झापड आली की काय गं?" मासेवाल्याच्या रांगेत ॲग्नेसने सगळ्यांसमोर विचारलं. "तुझी बरोबरची खूण बघून पुस्तक नेलं, आणि दोन संध्याकाळी पाण्यात गेल्या माझ्या!"

"कुठलं पुस्तक?"

"आपल्या मोरागच्या लेकीने लिहिलेलं. त्यात ती बेटावर चहाचं दुकान काढणारी पोरगी, नि तो गुरांचा डॉक्टर. आजच परत केलं. तू याला बरोबर दिलंस?"

एफी गेडिस मासे न घेताच रांगेतून बाहेर पडली. तिने बरोबर दिलं नव्हतं. तिने ठिपका दिला होता.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या कोळ्यांच्या गावात म्हाताऱ्या बायका वाचनालयातल्या प्रेमकथांवर पेन्सिलीने बारीक खूण करतात. मुखपृष्ठं सगळी एकसारखी, फिकं आभाळ आणि पाठमोरं जोडपं. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून ही सोय. कुणी नावाचं पहिलं अक्षर काढतं, कुणी फूल. ग्रंथपाल बघून न बघितल्यासारखं करतो. एफीचं पान एकोणिसावं. आवडलं तर बरोबरची खूण, टाकाऊ असेल तर फुली, आणि वाचलं काय, न वाचलं काय, असं असेल तर ठिपका. तिच्या बरोबरच्या खुणेची शेपटी गळासारखी वळलेली असायची. शेजारणी आधी एकोणिसावं पान उघडायच्या, मग पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवायच्या.

बाईचा स्वभावच तसा. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला. पोरांच्या ताटात काय उरलं ते रोज स्वतः बघणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे मीठमसाला कमीजास्त करणार. तोंडदेखलं कौतुक तिला कधी जमलंच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासूने केक पुढे केला, तर "कोरडा झालाय" म्हणून मोकळी.

लिन्झीचं, म्हणजे मोरागच्या लेकीचं, पुस्तक तिने मनापासून वाचलं होतं. दोनदा हसलीही. पण नायक-नायिका अर्धं पुस्तक एकमेकांवर रुसून बसलेले, आणि कशावरून? त्याच्या गाडीत एक परकी बाई दिसली म्हणून. अगं बये, विचार की त्याला, कोण होती ती! बहीण होती. हे एफीने तेव्हाच ओळखलं होतं. आणि त्या डॉक्टरला रुंद खांदे सोडले तर दुसरं काही नव्हतं. त्याचा कुत्रा तेवढा खरा वाटला. वाईट नव्हतं पुस्तक. ठिपका.

वाचनालयात जाऊन तिने एकोणिसावं पान उघडलं. ठिपक्याच्या जागी खोडरबराचा मळकट डाग, आणि वर बरोबरची खूण. शेपटीसुद्धा वळवलेली! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शेपटी इतकी हुबेहूब काढणारी गावात एकच होती. गेली कित्येक वर्षं दर आठवड्याला चहाला तिच्यासमोर बसून, तिच्या खुणा बघून पुस्तकं निवडणारी.

पुस्तक आपल्या नावावर घेऊन ती तडक मोरागच्या दारात.

"ये गं. किटली ठेवलीय."

"किटली राहू दे. हे तू केलंस?"

मोरागने पानाकडे पाहिलं नाही. "बस तरी आधी."

"उभीच बरी आहे. मोराग, माझी खूण खोडलीस तू? चोरासारखी?"

"मग काय करू?" मोरागचाही आवाज चढला. "महिनाभर पुस्तक फळीवर पडून होतं. हात लावीना कुणी! पोर रोज फोन करून विचारते, 'आई, कुणी नेलं का गं?' एक ठिपका, एफी. तुला काय जड होतं एक शेपटी काढायला?"

"जड होतं. खोटं होतं ते."

"माझ्यासाठीसुद्धा?"

एफीचा नवरा बोटीसकट बुडाला तेव्हा हीच मोराग तिच्या घरी राहायला आली होती. हिच्याशी तुटलं तर दार ढकलून आत येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि म्हणूनच तिचा राग आणखी भडकला.

"माझं घर माग, देते. पण ॲग्नेसने आज भर रांगेत मला वेड्यात काढलं. उद्या माझ्या खुणेवर विश्वास कोण ठेवील? आणि पुस्तक एवढं आवडलं होतं, तर स्वतःची खूण का नाही केलीस?"

"माझ्या खुणेला विचारतं कोण?" मोराग फाडकन बोलली. "तू फुली मारलेली कितीतरी पुस्तकं आवडलीत मला. चोरून वाचलीत. तुझ्यासमोर बोलायची सोय होती का?"

हे एफीला नवीन होतं. तिला ते अजिबात आवडलं नाही.

टेबलावर मोरागची शब्दकोड्याची पेन्सिल होती, मागे रबर असलेली. एफीने ती उचलली, खोटी खूण खोडली, तिथेच ठिपका दिला, चांगला ठळक. मग पेन्सिल मोरागपुढे धरली.

"घे. काय वाटतं ते तुझ्या नावाने लिही."

मोरागने पेन्सिल घेतली. ठिपक्याशेजारी मोठी, सरळ बरोबरची खूण काढली, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला. खाली आपलं नाव लिहिलं, अख्खं.

"लेकीचं आहे म्हणून नाही," ती नाक पुसत म्हणाली. "मला खरंच आवडलं."

"मग असू दे." एफीने पुस्तक बगलेत मारलं. "जाता जाता परत करते."

"चहा घेऊन जा की गं."

"आज नाही. आज मला तुझ्यावर पोटभर रागावू दे."